पाण्यातला मासा, झाडावरचा आंबा : इस्लामी व्यवहारनीती सोप्या भाषेत

राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकांमध्ये ‘निफ्टी ५० शरिया’ असं एक नाव सापडतं. त्यात टीसीएस आहे, इन्फोसिस आहे. एचडीएफसी बँक नाही, स्टेट बँक नाही, आयटीसीही नाही. अर्थविषयक पानांवर अधूनमधून मलेशिया-इंडोनेशियातल्या ‘हरित सुकूक’ची, म्हणजे इस्लामी पद्धतीच्या पर्यावरणपूरक रोख्यांची, बातमी येते. आणि रत्नागिरी-रायगडातून आखातात कामाला गेलेली माणसं रमजानात घरी फोन करून सांगतात, ड्युटी दोन तासांनी कमी झाली. या तिन्हींच्या मुळाशी एकच जुना नियमसंच आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला तो ‘दारू नको, डुकराचं मांस नको, व्याज नको’ एवढाच दिसतो. यादी खरी आहे, पण ती दारावरची पाटी झाली. आत गेलं की बहुतेक नियम एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात : नुकसान झालं तर ते कोणाच्या अंगावर पडणार, आणि सौदा करताना हे दोघांनाही ठाऊक होतं का?

## दोन अरबी शब्द, एकदाच

पहिला ‘रिबा’. उसन्या दिलेल्या पैशावर आधीच ठरवलेली, घेणाऱ्याचा धंदा चालो की बुडो, मिळणारच अशी वाढ. बँकेचं व्याज यात येतं असं बहुसंख्य उलेमा, म्हणजे इस्लामी धर्मपंडित, मानतात. सगळेच मानत नाहीत. कैरोच्या अल-अजहरमधल्या संशोधन मंडळाने २००२ मध्ये बँकेच्या ठरलेल्या परताव्याला मान्यता दिली होती, आणि त्यावर भरपूर वादही झाला.

दुसरा ‘गरर’. सौद्यातली टाळता येण्यासारखी अनिश्चितता. काय विकलं, किती, कधी मिळणार, मिळणार तरी का, हे धूसर ठेवून केलेला व्यवहार.

नफ्याला मात्र मुळीच हरकत नाही. कुराणाचं वाक्यच असं आहे की व्यापार वैध आहे आणि रिबा अवैध. मोहम्मद पैगंबर स्वतः व्यापारी होते, त्यामुळे हे नियम बाजार जवळून पाहिलेल्या माणसाच्या तोंडचे वाटतात.

## मोहोर यायच्या आधी विकलेली बाग

कोकणातल्या बागायतदाराला गरर वेगळा समजावून सांगायला नको. पावसाळ्यातच व्यापारी येतो, कलमं मोजतो आणि मोहोराचा पत्ता नसताना ‘यंदाची बाग एवढ्याला’ असा करार होतो. थंडी लांबली, अवकाळी पाऊस झाला, तुडतुडे पडले तर व्यापारी बसतो. पीक लदबदून आलं तर बागायतदार चुटपुटतो. दोघांनी मिळून हवामानावर लावलेली ही पैज आहे.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये, याबद्दल थेट नियम आहे : फळ पिकायला लागल्याची खूण दिसेपर्यंत झाडावरचं फळ विकू नये. जुने फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, गरर शिकवताना पाण्यातला मासा आणि हवेतला पक्षी विकणाऱ्याचं उदाहरण देत. आपण ‘पाण्यात म्हैस, वर मोल’ म्हणतो, तीच गोष्ट.

पण शेतकऱ्याला पैसा हंगामाआधीच लागतो, त्याचं काय? मदिनेत हाच पेच होता. खजूर एक-दोन वर्षं आधी विकायची तिथे पद्धत होती. पैगंबरांनी ती बंद केली नाही, तिला अट घातली : माप ठरलेलं, वजन ठरलेलं, मुदत ठरलेली असावी. या सौद्याला ‘सलम’ म्हणतात. आंब्याला लावून पाहा. ‘माझ्या वरच्या बागेतला सगळा माल’ असा सौदा चालणार नाही. ‘२५० ग्रॅमच्या हापूसच्या पाच डझनी १०० पेट्या, १५ एप्रिलला, वाशीच्या बाजारात पोच’ असा चालेल. त्याची पूर्ण रक्कम करार करतानाच रोख द्यावी लागते, कारण अर्धी रक्कम उधार ठेवली तर दोन्ही बाजूंनी नुसती आश्वासनंच उरतात. आणि माल अमुक झाडाचाच हवा अशी अट घालता येत नाही. त्या झाडाला फळ धरलं नाही, तर बागायतदाराने बाजारातून तसाच माल आणून शब्द पाळायचा.

तिसरी वाट ‘मुसाकात’ची : बाग राखणाऱ्याने राबायचं आणि आलेलं फळ ठरलेल्या हिश्शात वाटून घ्यायचं. अरबस्तानातल्या खैबरच्या खजूरबागा पैगंबरांनी तिथल्याच लोकांकडे निम्म्या उत्पन्नावर ठेवल्या होत्या. आपल्या अर्धेलीसारखंच हे.

या तीन पद्धतींत झाडाचं काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. एका वर्षाच्या करारावर बाग घेतलेल्या माणसाला पुढच्या वर्षीच्या फांदीशी काही देणंघेणं नसतं. तो मोहोर आणण्यासाठी कल्टार या रसायनाचा डोस वाढवतो आणि झाड दमलं की दुसरी बाग बघतो. ही तक्रार कोकणात नवी नाही. वाट्याने घेणारा, तेही पाच-सात वर्षांसाठी, असं सहसा करणार नाही. टिकाऊपणा वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवले तरी एवढं दिसतं की नुकसान ज्याच्या अंगावर येणार असतं, तो वस्तू जपून वापरतो.

## ओला माल वर

धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारलं, मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसेल असं? बाजार समितीत कांद्याची गोणी उलटी करून पाहणाऱ्या कोणालाही हा प्रसंग लगेच पटेल. नियम असा : दोष सांगणं विकणाऱ्याचं काम, शोधणं घेणाऱ्याचं नाही. पुढे शहरांत मापं आणि माल तपासायला ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी नेमला जाई. आजचा वजनमापे निरीक्षक आणि अन्न निरीक्षक मिळून जो होईल, तो.

## पैसा एकाचा, घाम दुसऱ्याचा

व्याज नाही तर भांडवल कसं उभं करायचं? जुनी उत्तरं दोन आहेत.

‘मुदारबा’त एक जण पैसा घालतो, दुसरा धंदा करतो. नफ्याचं प्रमाण आधी ठरतं, रक्कम नाही. समजा १० लाख रुपये घातले, प्रमाण ६०:४०. वर्षाअखेर २ लाख नफा झाला तर पैसेवाल्याला १ लाख २० हजार, चालवणाऱ्याला ८० हजार. १ लाखाचा तोटा झाला तर? तो पूर्ण पैसेवाल्याचा. चालवणाऱ्याची वर्षभराची मेहनत वाया गेली, तोच त्याचा तोटा. हलगर्जीपणा किंवा अफरातफर सिद्ध झाली तर मात्र भरपाई त्याने द्यायची. ‘काहीही झालं तरी मला महिना १० हजार’ असं कलम घातलं की करार तिथेच रद्द ठरतो.

‘मुशारका’त दोघेही पैसा घालतात. नफा ठरेल तसा वाटता येतो. तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणातच, तिथे घासाघीस नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांना वाट्यांचा हा हिशेब परका वाटू नये. मासळी आली तर सगळ्यांची, जाळं रिकामं आलं तर सगळ्यांचं.

अडचण अशी की हे करायला एकमेकांच्या वह्या उघड्या लागतात. दुकानदार नफा कमी दाखवू लागला की मुदारबा संपला. म्हणूनच इस्लामी बँका याच्यावर भाषणं देतात आणि प्रत्यक्षात बहुतेक कर्जं तिसऱ्याच पद्धतीने देतात.

## ‘हे तर नाव बदललेलं व्याजच!’

ही तिसरी पद्धत म्हणजे ‘मुराबहा’, आणि वरचा आक्षेप सगळ्यात जास्त तिच्यावरच घेतला जातो. तुम्हाला ५ लाखांचं यंत्र हवंय. बँक पैसे देत नाही. ती यंत्र विकत घेते आणि तुम्हाला ५ लाख ९४ हजारांना, १६,५०० रुपयांच्या ३६ हप्त्यांत विकते. खरेदीची किंमत आणि वरचा नफा दोन्ही उघड सांगावे लागतात. हप्त्याचा आकडा पाहिला तर बँकेच्या कर्जासारखाच दिसतो, आणि ९४ हजार हा आकडा काढताना बँकेने बाजारातल्या व्याजदराकडे पाहिलेलं असतं, हेही खरं.

फरक क्रमात आहे. पुरवठादाराचं बिल आधी बँकेच्या नावावर, मग ताबा बँकेकडे, मग तुम्हाला विक्री. मधल्या काळात ट्रक उलटला तर यंत्र बँकेचं बुडालं. विक्रीनंतर किंमत वाढवता येत नाही. हप्ता थकला म्हणून रकमेवर रक्कम चढत नाही. विलंब शुल्क लावलं तरी ते बँकेच्या उत्पन्नात न धरता दानात द्यावं लागतं.

आता हे कुठे बिघडतं. ताब्याची पायरी कागदावरच उरकली जाते. ग्राहकाने आधीच घेतलेल्या मालावर मागाहून मुराबहा दाखवला जातो. किंवा बँक ग्राहकाच्या नावे धातू विकत घेते, काही मिनिटांत तिसऱ्याला विकते आणि रोकड त्याच्या हातात देते. धातू कोणी पाहिलेलाही नसतो. या शेवटच्या प्रकाराला ‘संघटित तवर्रुक’ म्हणतात. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने २००९ मध्ये शारजाच्या अधिवेशनात तो अवैध ठरवला. मलेशियात तो तरीही सर्रास चालतो. तेव्हा आक्षेपाला प्रामाणिक उत्तर असं : ताबा खरा असेल तर ही विक्री आहे, ताबा खोटा असेल तर आक्षेप घेणाराच बरोबर आहे.

## मजुरी : किती, कधी, कशावर

‘मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या’ ही हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते. तिच्याइतकाच महत्त्वाचा, पण कमी ऐकलेला नियम आहे तो काम सुरू होण्याआधीचा : मजुरी किती ते आधी ठरलंच पाहिजे. ‘तू काम तर कर, देऊ समजून’ हा आपल्याकडचा लाडका करार फिकहमध्ये सदोष ठरतो, कारण त्यात गरर आहे. देण्याघेण्याचं लिहून ठेवा, लिहिणारा आणि साक्षीदार ठेवा, हे सांगणारी आयत कुराणातली सर्वांत लांब आयत आहे. उधारीच्या नोंदीबद्दल ती इतक्या बारकाईने बोलते की एखादा मुनीमच बोलतोय असं वाटावं.

आजच्या आखाती कायद्यांत यातलं काय उतरलंय? संयुक्त अरब अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत सरकारी देखरेखीच्या व्यवस्थेतून द्यावा लागतो, म्हणजे थकला की नोंद होते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम घ्यायला बंदी आहे. आणि एक वर्ष पूर्ण केलेल्या परदेशी कामगाराला नोकरी सोडताना सेवासमाप्तीची रक्कम मिळते : पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा, आणि एकूण जास्तीत जास्त दोन वर्षांचा पगार.

हिशेब करून पाहू. मूळ पगार २,००० दिरहम असेल तर दिवसाचे ६६.६७, २१ दिवसांचे १,४००, पाच वर्षांचे ७,०००. पुढची तीन वर्षं दरसाल २,००० प्रमाणे ६,०००. आठ वर्षांनी १३,००० दिरहम. इथली मेख ‘मूळ’ या शब्दात आहे. करारात एकूण पगार ३,००० दिसतो, पण मूळ १,२०० आणि बाकी भत्ते असे तुकडे केलेले असतात. मग त्याच आठ वर्षांचे १३,००० ऐवजी ७,८०० होतात. आखाताचा करार हातात पडला की एकूण आकड्याआधी ही ओळ वाचावी.

मग प्रश्न येतोच : मूल्यं एवढी चांगली, तर कामगारांचे पासपोर्ट काढून घेण्याच्या, पगार थकवण्याच्या बातम्या कुठून येतात? मालकाच्या हमीवर कामगाराचा मुक्काम बांधणारी ‘कफाला’ पद्धत विसाव्या शतकात घडलेली आहे. फिकहमध्ये कफाला म्हणजे दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहणं; जामीनदाराने माणसालाच तारण ठेवावं असं त्यात नाही. पासपोर्ट काढून घेणं अमिरातीच्या कायद्यातही चालत नाही, तरी घडतं. धर्मग्रंथातलं वाक्य आणि मालकाची कपाटाची किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा दाखला देऊन दुसरी झाकण्याचं काम बऱ्याच मानव संसाधन विभागांत चालतं.

## नमाज, रोजा आणि शिफ्टचा तक्ता

पुण्या-मुंबईच्या कंपनीत मुस्लिम सहकाऱ्यांसाठी नेमकं काय लागतं, याचा बाऊ जास्त होतो. पाच नमाजांपैकी नऊ ते सहाच्या ड्युटीत सहसा दोनच येतात, दुपारची आणि तिसऱ्या प्रहराची. हिवाळ्यात सूर्यास्ताची तिसरी येऊ शकते. हातपाय धुण्यासकट एकेक दहा-पंधरा मिनिटांची. चहा-सिगारेटच्या फेरीला याहून जास्त वेळ जातो. वेगळी खोली असलीच पाहिजे असं नाही, स्वच्छ कोपरा पुरतो. फक्त शुक्रवारची दुपारची नमाज जमातीने, मशिदीत असते. जाऊन-येऊन तासभर धरावा आणि शुक्रवारी एक ते दोन बैठक ठेवू नये.

रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही. थकवा दुपारी चारनंतर जाणवतो, म्हणून शिडीवरचं, भट्टीजवळचं, जड उचलण्याचं काम सकाळी लावावं. तरीही गृहीत धरून कोणाचं काम काढून घेऊ नये, विचारावं. आजारी, गरोदर किंवा प्रवासातली व्यक्ती रोजा ठेवत नसेलही. अमिरातीत रमजानात सगळ्यांचेच दोन तास कमी होतात, रोजा असो वा नसो. सौदीत मुस्लिम कामगारांसाठी दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि २०३० मध्ये तो एकाच वर्षात दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरअखेरीस. ईदची तारीख चंद्रावर ठरते, म्हणून रजा एका दिवसाने मागेपुढे करायची मुभा असावी.

## बायकांचं काय?

पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा स्वतः व्यापारी होत्या आणि लग्नाआधी ते त्यांचा माल घेऊन सीरियाकडे गेले होते. भांडवल बाईचं, फेरी पुरुषाची. बाईने कमावलं ते बाईचं, असं कुराणात स्पष्ट आहे. आणि त्याच धर्माच्या नावाने सौदीत जून २०१८ पर्यंत बाईला गाडी चालवायला बंदी होती. ग्रंथ एक असून नियम इतके बदलतात, तेव्हा फरक सत्ता कोणाच्या हातात आहे त्यातून पडतो.

## कंपनी कशी चाळतात

आता निफ्टीकडे परत. पहिली चाळणी धंद्याची : दारू, तंबाखू, जुगार, डुकराचं मांस, व्याजावरच्या बँका आणि विमा बाहेर. आयटीसी तिथेच गळते.

दुसरी चाळणी ताळेबंदाची. पूर्ण व्याजमुक्त कंपनी मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून जाणकारांनी मर्यादा आखल्या. बहरीनमधली ‘आओफी’ ही मानकं ठरवणारी संस्था सांगते : व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत, व्याजावर ठेवलेला पैसाही ३० टक्क्यांच्या आत, आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांखाली. काही संस्था बाजारमूल्याऐवजी एकूण मालमत्तेने भागतात, त्यामुळे एकच कंपनी एका यादीत पास आणि दुसरीत नापास होऊ शकते. बाजारमूल्याने भागण्यात आणखी एक गंमत आहे. कर्ज ३०० कोटी आणि बाजारमूल्य १,२०० कोटी असेल तर २५ टक्के, म्हणजे पास. बाजार पडून मूल्य ९०० कोटींवर आलं की तीच कंपनी ३३ टक्क्यांवर, नापास. कंपनीने तोवर केलेलं काहीच नसतं.

पास झालेल्या कंपनीच्या उत्पन्नात २ टक्के व्याजाचे असतील, तर ५,००० रुपयांच्या लाभांशातले १०० रुपये दान करून टाकायचे. याला शुद्धीकरण म्हणतात. पुण्य मिळेल या अपेक्षेने नाही, नको असलेली गोष्ट हातावेगळी करायची म्हणून.

## सुकूक आणि सौर पत्रे

साध्या रोख्यात तुम्ही कंपनीला कर्ज देता आणि व्याज घेता. सुकूकमध्ये तुम्ही एखाद्या खऱ्या वस्तूतला वाटा घेता. दहा जणांनी मिळून गाळा घेतला, भाड्याने दिला, भाडं वाटून घेतलं, मुदतीनंतर भाडेकरूलाच विकला. हेच मोठ्या प्रमाणावर. गाळ्याऐवजी सौर प्रकल्प ठेवला की हरित सुकूक. मलेशियाच्या ताडाऊ एनर्जीने जुलै २०१७ मध्ये जगातला पहिला हरित सुकूक काढला. २५ कोटी रिंगिटचा हा निधी साबा राज्यात कुदात इथे ५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी होता. मार्च २०१८ मध्ये इंडोनेशिया सरकारने १२५ कोटी डॉलरचा काढला. सार्वभौम सरकारचा तो पहिला.

ही जोडी जमते याचं कारण सरळ आहे. हरित रोख्याला पैसा नेमका कुठे गेला हे दाखवावं लागतं, आणि सुकूकला मागे नेमकी वस्तू लागते. दोन्हीकडे ‘सर्वसाधारण खर्चासाठी’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

कच्चा दुवाही सांगायला हवा. बऱ्याच सुकूकमध्ये वस्तू कागदापुरती असते. पैसे थकले तर धारकाला ती ताब्यात घेता येत नाही. शारजाच्या डाना गॅस कंपनीने २०१७ मध्ये यावर कडी केली. आपलेच ७० कोटी डॉलरचे सुकूक शरियाला धरून नाहीत, म्हणून ते अवैध, म्हणून पैसे देणं लागत नाही, असा तिने पवित्रा घेतला. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं, तिथे निकाल धारकांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

## तेल हलाल, मग पर्यावरण कुठे गेलं?

ही चाळणी कोळसा गाळत नाही, खनिज तेलही गाळत नाही. तेल कंपनी सौदी अरामकोने २०२१ मध्ये ६०० कोटी डॉलरचे सुकूक विकले आणि ते शरियाच्या निकषांत पूर्ण बसले. म्हणून ‘शरियानुसार’ हा शब्द ‘पर्यावरणपूरक’ असा वाचू नये.

ग्रंथांत साहित्य भरपूर आहे, ते चाळणीत उतरलेलं नाही एवढंच. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, असं कुराण सांगतं. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतानाही, पाणी वाया घालवू नका, अशी हदीस आहे. पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू करत. मुद्द म्हणजे पाऊण लिटरपेक्षाही कमी. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ दीड मिनिट उघडा ठेवला तर नऊ लिटर जातात. चराऊ जमीन राखून ठेवायची ‘हिमा’ पद्धत आपल्या देवराईची चुलतबहीण म्हणावी अशी. आणि वक्फ. या शब्दाभोवती आपल्याकडे एवढी धूळ उडते की मूळ कल्पना दिसतच नाही : मुद्दल विकायचं नाही, वाटायचं नाही, वारशाने द्यायचं नाही, फक्त त्याचं फळ ठरलेल्या कामाला लावायचं. भांडवल न खाता उत्पन्नावर जगणं, ही शाश्वततेची याहून नेमकी व्याख्या सापडणं कठीण आहे.

## जकात यंत्राला लागत नाही

ही जकात नाक्यावरची नव्हे, इस्लाममधलं सक्तीचं वार्षिक दान. धंद्यावरची जकात मोजताना यंत्र, इमारत, टेम्पो धरत नाहीत. विक्रीचा माल, रोकड आणि येणं धरतात, लगेच देय असलेलं देणं वजा करतात. माल ८ लाख (विक्रीच्या भावाने), रोकड दीड लाख, येणं १ लाख, देणं अडीच लाख. उरले ८ लाख. त्याचे २.५ टक्के, २० हजार. भारतातले बरेच उलेमा किमान मर्यादा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीला धरतात. त्याखाली जकात नाही. वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं. मार्चअखेरच्या ताळेबंदावर हिशेब करणाऱ्याने २.५ ऐवजी सुमारे २.५८ टक्के धरावेत; २.५च धरण्याची चूक नेहमी होते. पडून राहिलेली रोकड दरवर्षी झिजते, कामाला लावलेलं यंत्र झिजत नाही; पैसा फिरता ठेवण्याची ढकल त्यात आपोआप आहे.

## भारतात काय मिळतं, आणि माणसं कुठे फसतात

भारतात इस्लामी बँक नाही. बँकिंग नियमन कायदा १९४९ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, मग मुराबहा कसा करणार? रघुराम राजन समितीने २००८ मध्ये व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा असं सुचवलं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. उरतात ते शरिया निकषांवरचे म्युच्युअल फंड, जसा टाटा एथिकल फंड. ते कोणालाही घेता येतात, धर्म विचारला जात नाही. काही लोक त्यांच्याकडे धर्मासाठी नाही, कर्जबाजारी कंपन्या टाळायच्या म्हणून जातात. मात्र बँका वगळल्यामुळे बँकांचे शेअर धावतात त्या वर्षी हे फंड मागे पडतात, हे आधीच मान्य करून घ्यावं.

या पोकळीत भामटे शिरले. बंगळुरूच्या ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ने हजारो कुटुंबांना ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून भागीदार करून घेतलं, दरमहा नफा वाटला, आणि जून २०१९ मध्ये शटर पडलं. लोकांनी दागिने मोडून, लग्नाचे पैसे काढून दिले होते. फसणाऱ्यांना वेडं ठरवण्यात अर्थ नाही. कागदावर तर भागीदारीच होती.

ओळखायचं कसं? मुदारबाचं उदाहरण आठवा. परतावा ठरलेला आणि हमीचा असेल तर तो व्याख्येनेच रिबा झाला, मग वर कितीही हिरवा शिक्का असो. ‘हलाल’ आणि ‘हमखास’ हे दोन शब्द एका पत्रकावर दिसले की त्यातला एक खोटा आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही. विचारायचे प्रश्न तीनच : पैसा नेमक्या कोणत्या मालात किंवा मालमत्तेत आहे, तोटा झाला तर माझ्या वाट्याला किती, आणि गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस बिस्मिल्ला, बंधुभाव किंवा अमुक मौलानांचं नाव घेऊ लागला, तर पैसे खिशातच ठेवून उठावं.